मे महिन्यातला खाकी कोट

भिलाईचा मे महिना ज्याने काढला नाही, त्याला ऊन म्हणजे काय हे मी सांगत बसणार नाही. भट्टी कारखान्यात होती म्हणतात. आम्हाला तर ती क्वार्टरच्या छपरावर ठेवल्यासारखी वाटे. दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसे. अशा दुपारी सेक्टर सहाच्या बाजारातून एक बाई जाड खाकी कोट घालून चालत जाई. आत निळ्या काठाची पांढरी साडी, वर पुरुषाच्या मापाचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, गळ्याजवळचं बटण तेवढं उघडं. आणि वळायचं असेल तर वळण्याआधी उजवा हात सरळ बाहेर काढी. हो, पायी चालताना! हातात भाजीची पिशवी असली तरी आधी पिशवी डाव्या हातात घेई, मग हात दाखवी, मागे पाही आणि मगच गल्लीत वळे.

नवीन बदलून आलेले लोक हसत. "डोक्यानं गेलेली दिसते," म्हणत. जुनेही हसत, आणि त्याचाच मला आजपर्यंत संताप आहे. कारण त्या हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरचं बाळंतपण याच बाईने वेळेत हॉस्पिटलात पोचवलेलं होतं.

तिचं नाव मी लिहीत नाही. आम्ही तिला ताई म्हणायचो. वसाहतीने तिला बाकी जी नावं ठेवली, ती माझ्या पेनातून उतरणार नाहीत.

ताई मूळची कामठीची. भाऊ रेल्वेत गार्ड, दुर्ग लाइनवर. त्याच्यासोबत ती इकडे आली आणि त्याच्याच संसारात पापड लाटत राहिली. लग्न झालेलं नव्हतं. कारण विचारलं की ती सरळ सांगे, "मी लॉरी चालवली होती ना वं. लॉरी चालवलेली पोट्टी कोण सून करून घेईन?"

तर ती लॉरीची गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा पलटणीने बायकांची एक तुकडी काढली. ताई तेव्हा जेमतेम विशीची. तिने नाव दिलं, गाडी शिकली आणि कामठीच्या छावणीतून नागपूरच्या स्टेशनापर्यंत सामानाची लॉरी न्यायला लागली. गोरे सार्जंट तिला सलाम ठोकत, असं ती म्हणे. ते खरं की खोटं देव जाणे, पण सांगताना तिचा स्वतःचा हात कपाळाकडे जाई. मग लढाई संपली. बायकांना ओळीत उभं केलं, आभार मानले, आणि टोपी, बूट, कोट सगळं मोजून परत घेतलं.

"आभार मानून घरी पाठवलं," ताई म्हणे. "चोराले निदान पकडून तरी पाठवतात."

ती माणसांनाही गाड्यांसारखी पारखायची. आमच्या यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला म्हणाली, "तुझा नवरा चांगला आहे. सेकंडवरच चालते, पण बंद नाही पडत." हे ऐकून मी रुसले होते. आज साठ वर्षांनी सांगते, इतकं अचूक त्यांच्याबद्दल त्यांच्या आईनेही कधी म्हटलं नाही.

आता माझी ओळख करून द्यायला हवी. मी म्हणजे वर्ध्याहून आलेली नवी नवरी. वय एकोणीस. अक्कल त्याहून कमी. नवरा कारखान्यात क्लार्क, घरात सासू. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंचा नियम असा की सुनेने अंगणापर्यंत जावं, फाटकापर्यंत दिसावं आणि फाटकाबाहेर फक्त ऐकू यावं, तेही फारसं नाही. अशा घरातून मी ॲम्ब्युलन्स चालवायला बाहेर पडले. हे कसं झालं? चीनने केलं.

चीनची लढाई सुरू झाली आणि वसाहतीत एकदम देशभक्तीचा वारा सुटला. बायका बांगड्या काढून देत होत्या, स्वेटर विणत होत्या. भिलाईच्या उन्हातल्या बायका, स्वेटर कधी अंगाला लागलेला नाही, त्यामुळे काही स्वेटरांना तीन बाह्या निघाल्या. आमच्या भागात एक कल्याण समिती होती. तिचे सेक्रेटरी गोरेपान, गुबगुबीत आणि फार गोड बोलणारे. त्यांनी महिलांची सभा बोलावली आणि जवानांसाठी पट्ट्या गुंडाळायचं आवाहन केलं. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून ताई उठली.

"समितीची ॲम्ब्युलन्स कोण चालवून राहिलं?"

सेक्रेटरी गोंधळले. समितीची एक जुनी ॲम्ब्युलन्स होती आणि तिचे दोन ड्रायव्हर. दोघंही आधी फौजेत होते, म्हणून दोघांनाही परत बोलावणं आलं होतं. गाडी शेडमध्ये उभी होती.

"बघू काहीतरी," सेक्रेटरी म्हणाले.

"काय पाहता? मी चालवते. आणि अजून पाच-सहा पोट्ट्या द्या, त्यायले शिकवते."

सभेत हसू पिकलं. "बायका? आणि गाडी? चक्कर येईल हो!" कोणीतरी पुरुष म्हणाला.

मला विचाराल तर हे वाक्य कारखान्याच्या दगडावर कोरून ठेवायला हवं होतं. कारण तो कारखाना उभा राहत होता तेव्हा छत्तीसगडी रेज्या, म्हणजे मजूर बायका, डोक्यावर सिमेंटचं घमेलं आणि पाठीला पोर बांधून बांबूच्या परांचीवरून वर चढत होत्या. सगळी भिलाई ते रोज पाहत होती. तेव्हा कोणालाच बायकांची चक्कर आठवली नाही! वजन डोक्यावर असलं की बाई मजबूत, आणि चाक हातात आलं की नाजूक. हे शास्त्र कोणत्या शाळेत शिकवतात?

पण लढाई होती आणि गाडीला माणूस नव्हता. सेक्रेटरींचा नाइलाज झाला. मोठ्या साहेबांच्या बायकोने घरोघर जाऊन मुली मागितल्या. आमच्या घरीही आल्या. आत्याबाईंना नाही म्हणायचं होतं, पण साहेबांच्या बायकोला नाही कसं म्हणणार? "देशासाठी होते तं होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि मी निघाल्यावर देवापुढे जाऊन बसल्या.

मी मात्र खूश! देशाचं मला तेवढं कळत नव्हतं, पण खाकी कोट मिळणार होता. ड्रायव्हरांचे जुने कोट आम्हाला दिले होते. पहिल्या दिवशी मी पावडर लावून, गजरा माळून, कोटावर मंगळसूत्र नीट दिसेल असं काढून गेले. ताईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लग्नाले आली का वं?"

"नाही ताई."

"मंग गजरा गाडीले बांध. तिले पाहाले कोणी नाही."

शिकवणी व्हायची ती पुढच्या सेक्टरांच्या मोकळ्या मुरमावर. तिथे तेव्हा घरं नव्हती, नुसते खुंटे ठोकलेले. ती जुनी गाडी थंडीत चावीने सुरू होत नसे. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागे. ताईचा पहिला धडा तोच.

"हँडल मुठीत धरायचं नाही. अंगठा बोटांच्या बाजूले ठेवा, पलीकडून वळवायचा नाही. कावून? बंद गाडी कोणाले मारत नाही. ती सुरू होते ना, तेव्हाच उलटा झटका देते. अंगठा आडवा असला तं गेला."

मी लगेच मूठ आवळून दाखवली. ताईने माझा अंगठा धरून बाहेर काढला. पुढचे कितीतरी दिवस ती मला येता-जाता म्हणे, "पोट्टी, अंगठा!" भाकरीचा घास तोडतानासुद्धा.

क्लचचा धडा असा होता: "क्लच म्हंजे सासू. एकदम दाबायची नाही, एकदम सोडायची नाही. हळूहळू." मी इतकी हुशार की घरी येऊन तेच कौतुकाने आत्याबाईंना सांगितलं. त्या रात्री मला भाजी वाढली गेली नाही.

गाडी मागे घेताना मी डोळे मिटत असे. समोर बघायचं नाही म्हटल्यावर डोळ्यांचं काय काम, असा माझा समज. एकदा अशीच मागे गेले ती थेट एका दूधवाल्याच्या डबक्यात, त्याच्या म्हशीशेजारी. म्हैस हलली नाही. ताई चाकापर्यंत पाण्यात आली, कोट वर धरून, आणि म्हणाली, "उतर. आता हिले शिकवते. ही निदान डोळे उघडे ठेवते."

पण मी शिकले. आम्ही सगळ्याच शिकलो. लढाई महिन्याभरात थांबली, तरी ड्रायव्हर परत यायला उन्हाळा उजाडला. तोवर ती गाडी आम्हीच चालवली. आणि तेव्हा एक गंमत झाली, जी सेक्रेटरींच्या लक्षात आली नाही. आधी बाळंतीण असो की आजारी पोरगी, ॲम्ब्युलन्स आली तरी घरातल्या बायका ती परत पाठवत. परक्या पुरुषासोबत सून कशी पाठवायची? आधी नवरा शिफ्टवरून येऊ दे. नवरा यायचा तेव्हा येई. तोवर पोरगी कळा सोसत पडे. आम्ही चालवायला लागल्यापासून नवऱ्याची वाट पाहणं संपलं. बाई गाडीत बसे आणि गाडी निघे. कारखान्याचा भोंगा होवो न होवो.

ताईला त्या महिन्यांत मी सुखी पाहिलं. सुखी म्हणजे ती गाडीच्या चाकाला एक पाय टेकवून उभ्याने चहा पीत असे आणि कोणाशीच बोलत नसे. फक्त एकदा म्हणाली, "या टायमाले मी कोट वापस नाही देणार."

तिची एवढीच इच्छा होती. ती काही मोठं मागत नव्हती. एकदा आभार मानून घरी पाठवलेल्या बाईला दुसऱ्यांदा तसं घरी जायचं नव्हतं. वय चाळीशीला आलेलं, तिसरी लढाई कधी होणार? आणि झाली तरी म्हातारीला कोण चाक देणार? भावजय आतापासूनच विचारत होती, यंदा उडदाचे पापड किती घालायचे.

मे महिन्यात ड्रायव्हर परतले आणि समितीने आमचा सत्कार ठेवला.

मांडव, तोरण, लाउडस्पीकर. सेक्रेटरींनी भाषण केलं. आम्ही भगिनी, आम्ही दुर्गा, आम्ही झाशीची राणी. आणि आता संकट टळलं आहे तर या दुर्गांनी आनंदाने आपापल्या घरकुलात परतावं, अशी विनंती. गाडी उद्यापासून ड्रायव्हरांकडे. मग एकेकीला नारळ आणि खण. मी पुढे झाले, मान खाली, गाल लाल, इतकी भारावलेली की पायात पाय अडकला. नारळ घ्यायला हात पुढे केले तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, हळू, पण माझ्या कानाला बरोबर लागेल असा:

"पोट्टी, अंगठा."

मला वाटलं, तिला नारळ पडेल अशी भीती वाटली. म्हणून मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला! उलटा झटका मला आठवलाच नाही, एवढी मी शहाणी.

ताईची पाळी आली. तिने नारळ घेतला नाही. "गाडी मी चालवतच राहते," ती म्हणाली. "चुकली असन तं सांगा."

"चुकलं कुठे, ताई! उत्तमच चालवली."

"मंग कावून काढता?"

सेक्रेटरी हसले. असं हसणं मी फार पाहिलंय. त्याला उत्तर नसतं तेव्हा दात असतात. "अहो, लढाई संपली ना!"

"बायायचं पोट दुखणं बी संपलं का?"

लाउडस्पीकर चालू होता. वाक्य बाजारापर्यंत गेलं. सेक्रेटरींनी घाईने तो बंद करवला आणि आम्हाला निरोप दिला की कोट उद्या शेडमध्ये जमा करावेत. आम्ही पोरींनी केले. ताईने केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ऐका. सत्काराचा तो नारळ फोडला, खवला, साखर घालून बर्फी केली, वर वेलदोडा भुरभुरला आणि डबा घेऊन ताईकडे गेले. ताई भावाच्या ओसरीवर पापडाच्या पिठापुढे बसली होती. अंगात कोट. तिने एक वडी तोंडात टाकली, सावकाश चावली.

"छान झाली," ती म्हणाली. "तुझी नोकरी लय गोड लागून राहिली."

मी "थँक्यू ताई" म्हटलं! खरंच म्हटलं. घरी परतताना अर्ध्या वाटेत मला ते कळलं आणि मी रस्त्यातच उभी राहिले. त्या दिवसापासून मी नारळाची बर्फी केली नाही. नातवंडं मागतात. मी त्यांना बेसनाची देते.

त्यानंतर आठवडा झाला असेल. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली सून, पहिलटकरीण, तिला भर दुपारी कळा सुरू झाल्या. नवरा शिफ्टवर. घरात सासू नव्हती, म्हणून आत्याबाईच तिच्याजवळ बसल्या होत्या. मी निरोप धाडला, ॲम्ब्युलन्स आली. चालवायला परत आलेला ड्रायव्हर, दुर्गकडचा, सभ्य माणूस. आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पोरगी नाही जाणार."

"आत्याबाई, तिला त्रास होतोय!" मी म्हटलं.

"इतके महिने बाई होती ना गाडीवर? कुठी गेली ती? आमच्या सुना काय आता परपुरुषासंगं धाडाच्या? बोलवा तिले."

आता ही बाई कोण, तर ज्या आत्याबाईंनी सहा महिने ताईला "डायवरीण" म्हणून नाक मुरडलं, त्याच! मी धावत ताईकडे गेले. ती पिठाच्या हातांनीच आली. मला वाटलं, आता ताई जिंकली. पण ताईचा चेहरा पाहिला आणि घाबरले. ती संतापली होती, आणि राग आत्याबाईंवर होता.

"काकू, बाजूले व्हा. हा चांगला चालवते. पोट्टीले जाऊ द्या याच्यासंगं."

"अन् तू कायले आली मंग?"

"तुम्हाले हलवाले आली! पोट्टी मरन तिथं, अन् तुम्ही पुरुष का बाई पाहून राहिल्या?"

आत्याबाई हलल्या नाहीत. आतून ती पोरगी ओरडली. ज्या गाडीसाठी ताईचा जीव अडकला होता ती समोर उभी होती, आणि ताई दुसऱ्याला म्हणत होती, तू ने. तेव्हा तो ड्रायव्हरच खाली उतरला. किल्ली पुढे केली.

"दीदी, तहीं चला. मैं बाजू म बइठ जाहूँ. टेम झन गँवा."

वेळ घालवू नको, तूच चालव, असं तो म्हणत होता. ताईने किल्ली घेतली. पोरीला आत झोपवलं, आत्याबाई पायथ्याशी बसल्या, मी उशाशी. गाडी अशी गेली की मुरमाच्या रस्त्यावर पोरीला एक धक्का लागला नाही. वळणावर ताईने हात बाहेर काढून दाखवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं तरी! मुलगा झाला, दोघं सुखरूप.

संध्याकाळपर्यंत आत्याबाईंनी आमच्या भागातल्या साऱ्या सासवा गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी त्या समितीच्या ओट्यावर जाऊन बसल्या: गाडीवर बाई नसेल तर आमच्या सुना गाडीत बसणार नाहीत. सेक्रेटरींना दुर्गांना घरी पाठवता आलं होतं. सासवांना पाठवणं त्यांच्या बापाला जमलं नसतं. त्यांनी तिसऱ्याच दिवशी ताईला बोलावलं.

पण थांबा, आनंद मानू नका. मीही तेव्हा मानला होता, टाळ्या वाजवल्या होत्या. ताईला ठेवलं ते आया म्हणून. ड्रायव्हर नाही. बाईसाठी ड्रायव्हरची जागा समितीत नव्हती, आयाची होती. चालवायची गाडीच, पण म्हणायचं आया, आणि नेसायची आयाची निळ्या काठाची पांढरी साडी. खाकी फक्त ड्रायव्हरांना.

"मले गाडी चालवता येते म्हणून ठेवा," ताई म्हणाली. "बाई आहे म्हणून कायले ठेवता?"

"ताई, शब्दाला काय धरून बसता? काम तर तेच ना!"

"काम तेच असन तं शब्द बी तोच द्या."

नाही दिला. ताई घरी आली, रात्रभर पापडाच्या परातीसमोर बसली, असं भावजय सांगे. सकाळी तिने पांढरी साडी नेसली. तिच्यावर खाकी कोट चढवला. आणि शेडकडे गेली.

तो कोट तिने मग काढला नाही. पावसात नाही, मे महिन्यात नाही. सेक्रेटरींनी दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा ताईनेच सासवांना विचारायची भीती घातल्यावर गप्प बसले. अंगावर घामोळं उठे, मानेला कातडं सोललेलं असे. मी एकदा म्हटलं, "ताई, कोणासाठी? लोक हसतात."

"हसू दे. कोट काढला तं आया दिसन."

सारी वर्षं तिने ती गाडी चालवली, नंतर आलेली नवी गाडीही चालवली. सारी वर्षं ती आया होती. दुसरे ड्रायव्हर तिला विचारून गाडी दुरुस्तीला टाकत, आणि सभेत तिला चहाचे कप उचलायला सांगत. ती उचलत नसे. "माझे हात गाडीचे आहे," म्हणे.

ती निवृत्त झाली तेव्हा मेच होता. जुने सेक्रेटरी गेले होते. नवे तरुण होते, शिकलेले, मनाने बरे. पुन्हा मांडव, पुन्हा लाउडस्पीकर. मी दुसऱ्या रांगेत, सोबत आत्याबाई, आता काठी घेऊन. नव्या सेक्रेटरींनी हातातलं पाहून वाचलं: आमच्या प्रेमळ आयाबाई. मग शाल पुढे केली आणि हसून म्हणाले, "ताई, आज तरी तो कोट काढा. शाल कुठे घालू?"

मांडवात सगळे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत.

"काढते," ताई म्हणाली. "पण आधी सांगा, मी इथं काय केलं?"

"रुग्णांची सेवा केलीत."

"कशानं?"

सेक्रेटरींना वाटलं, हा सोपा प्रश्न आहे. "मायेनं, ताई!"

"नाही बावा," ताई म्हणाली. "गाडीनं."

ताईने शालीकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्या भर उन्हात कोटाचं गळ्याजवळचं, कधी न लावलेलं बटणही लावून घेतलं.